गिऱ्हाइकाचें मागणें आणि गिऱ्हाइकाची गरज

शेतीचा धंदा म्हणजे पिकविण्याचा धंदा, अशी आपल्यांत पूर्वापार समजूत आहे. ती खोटी नाहीं. परंतु ती अर्धी आहे. ज्या काळीं घरच्या शेतांत पिकलेलें धान्य घरच्याच कणगींत जात असे, आणि बलुतेदारांचें बलुतें देऊन जें उरेल तेवढेंच बाजाराची वाट धरीत असे, त्या काळीं एवढ्या समजुतीवर निभाव लागत होता. आज ऊंस, द्राक्षें, कांदा, डाळिंब, भाजीपाला, दूध यांपैकीं बहुतेक माल आपण परक्या माणसाच्या तोंडीं जाण्याकरितांच तयार करितों. तो माणूस कोण, तो काय खातो व कां खातो, हें ठाऊक करून न घेतां पिकविणें म्हणजे पाहुणे किती व कोण याची चौकशी न करितां चुलीवर हंडा चढविणें होय.

नांगरट, खत, पाणी आणि कीड यांविषयीं आपण सदैव बोलतों. गिऱ्हाइकाविषयीं मात्र सारा भरंवसा अडत्यावर टाकून मोकळे होतों. अडत्या गिऱ्हाइकास ओळखतो, आणि आपण फक्त अडत्यास ओळखतों. या ओळखीचा मोबदला म्हणून मधला फरक त्याच्या पदरीं पडतो. त्यांत सर्वस्वीं त्याचाच दोष आहे असें म्हणतां येणार नाहीं. कारण ज्ञानाला किंमत असतेच. तें ज्ञान आपल्यापाशीं आलें, तर त्या किमतीचा कांहीं भाग आपल्याही घरीं येईल, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

हें ज्ञान मिळविण्यासाठीं मुंबईची पेठ पाहून आलें पाहिजे असें नाहीं. ज्या घरांत चार माणसें जेवतात त्या घरांत चार गिऱ्हाइकें आहेत. त्यांचे हट्ट, त्यांच्या तक्रारी, त्यांचें मौन आणि त्यांच्या ताटांत उरलेलें अन्न यांकडे लक्षपूर्वक पाहिलें, तर बाजाराचे बहुतेक नियम घरबसल्या शिकतां येतात. असे सात नियम या पाठांत क्रमानें मांडले आहेत.

१. मागणें एक, गरज दुसरी

लहान मूल रात्रीं जागें होऊन पाणी मागतें. पेला दिला कीं घोटभर पितें आणि परत करतें. थोड्या वेळानें पुन्हां पाणी मागतें. अनुभवी आजी दुसऱ्या वेळीं पेला भरीत नाहीं. ती उठून मुलाच्या उशाशीं बसते, आणि मूल झोपीं जातें. त्याला तहान लागलेली नव्हती. अंधाराची भीति वाटत होती. परंतु भीति सांगण्यापेक्षां पाणी मागणें त्याला सोपें गेलें.

मोठ्या माणसांचीही हीच रीत आहे. महसूल खात्यांत ज्यांनीं कारकुनी केली त्यांस हें रोज पाहावयास मिळतें. शेतकरी येतो आणि म्हणतो, "सात-बाराचा उतारा पाहिजे." उतारा देऊन त्याची बोळवण करणें सोपें आहे. परंतु "उतारा कशाकरितां?" एवढा एक प्रश्न विचारला, तर कळतें कीं त्याला पीककर्ज काढावयाचें आहे, त्यासाठीं खात्याचा आठ-अ उताराही लागणार आहे, आणि बाप वारल्यावर वारसाची नोंद तर झालेलीच नाहीं. त्यानें मागितला कागद. त्याची गरज होती पेरणीपूर्वीं हातांत पैसा येण्याची. प्रश्न न विचारतां कागद दिला असतां, तर त्या गरिबाच्या आणखी तीन खेपा झाल्या असत्या.

आठवड्याच्या बाजारांत बाई विचारते, "वांगीं कशीं दिलीं?" आपण भाव सांगतों. त्याऐवजीं "भरीत करावयाचें कीं भरलीं वांगीं?" असें विचारून पाहावें. भरताला मोठें, गरयुक्त, कमी बियांचें वांगें लागतें. भरल्या वांग्यास लहान, कोंवळें, कांटेरी देंठाचें लागतें. दोन्ही ढीग समोर असतांना चुकीच्या ढिगांतलें वांगें घेऊन गेलेली बाई आपल्या स्वयंपाकाला नांव ठेवणार नाहीं, आपल्या वांग्याला ठेवील. म्हणून पहिला नियम असा कीं, "किती पाहिजे?" याच्या आधीं "कशाकरितां पाहिजे?" हें विचारावें.

२. घेणारा, रांधणारा आणि खाणारा

आपण गिऱ्हाईक हा शब्द एकवचनीं वापरतों. वस्तुतः त्यांत तीन माणसें असतात. पैसे एक देतो, रांधते दुसरी, आणि खातात तिसरींच. घरांत हें इतकें उघड आहे कीं आपल्या ध्यानांतही येत नाहीं. यजमानानें स्वस्त म्हणून आणलेली डाळ शिजत नाहीं, तेव्हां चूल फुंकणारीला त्याचा जाच होतो. आणि अर्धी कच्ची आमटी पाहून मुलें ताटावरून उठतात. पैसे वांचले यजमानाचे. डाळ मात्र त्या घरांत पुन्हां येत नाहीं.

ज्वारीचा इतिहास या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. देशांतली पहिली संकरित ज्वारी, सी.एस.एच.-१, ही १९६४ सालीं प्रसारांत आली. गांवठी वाणाच्या मानानें तिचें उत्पन्न कितीतरी अधिक होतें, आणि टंचाईच्या काळांत संकरित धान्यानें अनेकांच्या मुखीं घांस घातला, ही गोष्ट विसरणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु हें पीक लवकर पक्व होई. दाणा भरण्याच्या सुमारास पाऊस लागला कीं कणसांवर बुरशी येऊन ज्वारी काळी पडे. तिची भाकरी घरच्या माणसांच्या पसंतीस उतरेना, आणि बाजारांत तिला भावही कमी मिळूं लागला. शिवाय तिचीं ताटें बुटकीं असल्यामुळें कडबा थोडा. तराजूनें पाहिलें तर पीक भरघोस होतें. चुलीनें आणि गोठ्यानें पाहिलें तर त्यांत उणीव होती.

याच्या उलट मालदांडी ज्वारी पाहा. सोलापूर जिल्ह्यांत मोहोळ येथें निवड पद्धतीनें काढलेला मालदांडी ३५-१ हा रब्बी वाण आज कित्येक दशकें टिकून आहे. नवीन वाण आले, अधिक उताऱ्याचेही आले. तरी पुष्कळ शेतकरी मालदांडी सोडावयास तयार होत नाहींत. याचें कारण केवळ जुन्याची आवड हें नव्हे. तिचा दाणा टपोरा, पांढरा व चमकदार असतो. पीठ नीट मळलें जातें. भाकरी थापतांना कडेला चिरत नाहीं, आणि सकाळीं बांधून दिलेली भाकरी दुपारीं शेतांत सोडली तरी मऊ असते. दाणा माणसाला आणि कडबा बैलाला, अशी दुहेरी सोय तिच्यांत आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याच्या मुळाशींही त्या काळ्या जमिनीचा आणि तिच्या दाण्याचा हाच लौकिक आहे.

यांतून घेण्याचा बोध असा कीं, मालाची परीक्षा विकत घेणाऱ्याच्या हातांत पुरी होत नाहीं. ती रांधणारीच्या हातांत व खाणाराच्या तोंडांत पुरी होते. शहरांत जीं नवराबायको दोघेंही नोकरीला जातात, त्यांच्या घरीं संध्याकाळीं मेथी निवडीत बसण्यास वेळ नसतो. त्यांना मेथी नको असते असें नाहीं. निवडण्याचे कष्ट नको असतात. निवडून, माती झाडून दिलेली जुडी त्यांच्या घरीं जाते, न निवडलेली जुडी गाड्यावर सुकते. मात्र निवडलेली भाजी लवकर कोमेजते. म्हणून हा उद्योग जवळच्या बाजाराकरितां आणि त्या दिवशीं खपेल तेवढ्याच मालापुरता करावा.

३. न बोललेल्या अटी

घरीं आलेला पाहुणा "चहा चालेल" एवढेंच म्हणतो. कप स्वच्छ असावा, दूध नासलेलें नसावें, हें तो बोलत नाहीं. कारण तें बोलावें लागेल असें त्याच्या मनांतही येत नाहीं. परंतु कपाच्या कडेला कालचा डाग दिसला, तर चहा कितीही सुरेख असला तरी त्याचें मन विटतें. गिऱ्हाइकाच्या मागण्यांत बोललेल्या अटी थोड्या व न बोललेल्या पुष्कळ असतात. आणि दर घसरतो किंवा माल परत येतो तो बहुधा न बोललेली अट मोडल्यामुळें.

आपल्या द्राक्षबागाईतदारांस हा धडा फार महाग पडलेला आहे. १९९१ सालीं द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनीं एकत्र येऊन महाग्रेप्स ही संस्था उभी केली, आणि परदेशीं द्राक्षें पाठविण्याच्या कामाला वळण लागलें. मण्याचा आकार, रंग, गोडी, पेटी भरण्याची रीत, माल थंड ठेवण्याची व्यवस्था हें सर्व आपल्या लोकांनीं मेहनतीनें आत्मसात केलें. तरीही २०१० सालीं युरोपांत गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक औषधाचा अंश तेथील मर्यादेहून अधिक आढळला. माल अडकून पडला, कित्येकांचे पैसे बुडाले, आणि पुढें त्या औषधाची तपासणी निर्यातीपूर्वींच होऊं लागली. द्राक्षें गोड होतीं, टपोरीं होतीं, डोळ्यांना कोणताही दोष दिसत नव्हता. परंतु फळ खाणाऱ्या आईनें तें आपल्या मुलाच्या हातांत देण्याजोगें असलें पाहिजे, ही अट न बोलतांच ठरलेली होती.

तेव्हां औषधाची बाटली उघडण्यापूर्वीं आपल्याच नातवाला हें फळ उद्यां तोडून देतां येईल काय, असा प्रश्न स्वतःस विचारावा. लेबलावर फवारणी व तोडणी यांमध्यें किती दिवसांचें अंतर ठेवावें हें छापलेलें असतें. घरच्या वापराकरितां एक ओळ बिनफवारणीची राखून ठेवणारे लोक आहेत. ती ओळ राखण्याचें ज्या दिवशीं कारण पडतें, त्या दिवशीं बाकीच्या ओळींविषयीं विचार करण्याची वेळ आलेली असते.

४. खूण आणि वस्तु

गुळाचा व्यापार हें या नियमाचें उत्तम उदाहरण होय. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं शाहूपुरी पेठ वसविली, तेव्हांपासून कोल्हापूरच्या गुळाच्या व्यापाराला जोर चढला, आणि २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकनही मिळालें. या गुळाचें गिऱ्हाईक पिवळाधमक रंग मागतें. तें असें कां मागतें, याचा शोध घेतला पाहिजे.

घरांतली म्हातारी गूळ पारखते तेव्हां काय करते? ती खडा फोडून कणी पाहते. जिभेवर ठेवून खारट लागतो काय हें पाहते. संशय आला तर पाण्यांत विरघळवून तळाशीं काय बसतें तें पाहते. तिच्यापाशीं तीन परीक्षा आहेत. दुकानांत उभ्या असलेल्या शहरी माणसाला यांपैकीं एकही करतां येत नाहीं. त्याच्यापाशीं फक्त डोळे असतात. म्हणून स्वच्छ गूळ ओळखण्याची खूण म्हणून तो पिवळा रंग धरून बसला आहे. त्याला हवी आहे स्वच्छता. तो मागतो रंग.

हें न समजल्यामुळें कांहीं गुऱ्हाळांत हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, हाताला येईल तेवढें घालून रंग उजळविला जातो. मागणें अक्षरशः पुरें होतें, आणि गरज पायदळीं तुडविली जाते. असा रंग टिकतही नाहीं. कांहीं दिवसांनीं गूळ पुन्हां काळवंडतो. गुळांत गंधकाच्या वायूचा अंश, म्हणजे सल्फर डायॉक्साइड, किलोमागें ७० मिलिग्रॅमहून अधिक असूं नये अशी कायद्याची मर्यादा आहे. खरी वाट जुनीच आहे. ऊंस पक्व असावा, जमीन खारवट नसावी, रस ताजा असावा, भेंडीच्या खोडाचा चिकट रस व चुन्याची निवळी बेतानें घालून मळी वेळोवेळीं काढावी, कढई व वाफा धुतलेला असावा. असा गूळ सोनेरी तांबूस होतो. तो पिवळाधमक नसेल. परंतु गिऱ्हाइकाच्या मनांत जें आहे तें त्यांत आहे.

आंब्याची गोष्ट याच जातीची आहे. पिवळी साल ही पिकलेपणाची खूण. कॅल्शियम कार्बाइडनें साल पिवळी होते, आंतला गर मागें राहतो. आणि तें अपायकारक म्हणून फळें पिकविण्यास त्याला कायद्यानें बंदी आहे. पेंढ्याच्या आढींत किंवा प्रमाणशीर इथिलीन वायूनें पिकविलेल्या फळांत साल आणि गर बरोबर चालतात.

खूण आणि वस्तु यांची फारकत झाली कीं एकट्या लबाडाचें नुकसान होत नाहीं; त्या खुणेवरचा सर्वांचाच विश्वास उडतो. हा विश्वास राखण्याकरितांच १९३७ सालीं शेतमालाची प्रतवारी व चिन्हांकन यांचा कायदा झाला, आणि त्याअन्वयें ॲगमार्कची खूण आली. त्या खुणेमागें तपासणी आहे, म्हणून तिला किंमत आहे. आपल्या पाटीलाही हाच न्याय लागू करावा. वर टपोरे कांदे आणि खालीं चिंगळी, अशी पाटी भरणारानें आपल्याच घरीं पाहावें: सून बाजारांतून आलेली पाटी प्रथम उपडी करते, मगच भाजी उचलून ठेवते. सर्व घरांत सुना आहेत.

५. संसाराचें माप

पूर्वीं वाड्यांत वीस पानें उठत असत. दिवाळीपूर्वीं गुळाचा ३० किलोचा रवा घरीं आला कीं तो संक्रांत ओलांडीपर्यंत संपून जाई. आज तीच लेक पुण्यास दोन खोल्यांत नवरा व एक मूल यांसह राहते. तिला गूळ आवडतो, माहेरचा तर फारच आवडतो. परंतु १० किलोची ढेप ठेवावयास तिच्या घरांत जागा नाहीं, ती फोडावयास खलबत्ता नाहीं, आणि पावसाळ्यांत गूळ पाझरूं लागला कीं तिची तारांबळ उडते. आई प्रेमानें ढेप देते आणि लेक अर्धी ढेप शेजारणींस वाटून टाकते. येथें गुळांत दोष नाहीं, मापांत आहे.

म्हणून अर्धा किलोच्या वड्या पाडाव्या, हें उघड दिसतें. परंतु मापाबरोबर हिशेबही पाहिला पाहिजे. समजा, १०० किलो गूळ ढेपेच्या रूपानें किलोस ४० रुपयांप्रमाणें गेला, तर ४,००० रुपये आले. तोच अर्धा किलोच्या २०० वड्या करून किलोस ५० रुपयांप्रमाणें विकला, तर ५,००० रुपये येतील. साचे, कागद, मजुरी व वाहतूक मिळून ६०० रुपये खर्च धरला, तर हातीं ४,४०० रुपये राहतात. नफा ४०० रुपयांचा. पण हा हिशेब सर्व गूळ खपला तरच खरा. त्यांपैकीं १५ किलो न खपतां पाझरून वांया गेला, तर ८५ किलोचे ४,२५० रुपये; खर्च वजा जातां ३,६५० रुपये. म्हणजे ढेप विकणाराहून ३५० रुपये कमी. या आंकड्यांत ९२ किलो विकला गेला तर दोहोंची बरोबरी होते. (आंकडे केवळ रीत दाखविण्याकरितां घेतले आहेत, प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालून पाहावें.)

यावरून वड्या करूं नयेत असें ठरत नाहीं. एकदम १०० किलोच्या करूं नयेत असें ठरतें. पहिल्या खेपेस १० किलोच्या २० वड्या पाडाव्या, ओळखीच्या घरांत विकाव्या, आणि महिन्यानें त्याच घरांतून पुन्हां मागणी येते काय हें पाहावें. नवी भाजी प्रथम वाटीभर करून पाहण्याची जी घरची रीत, तीच येथें धरावी.

६. न बोलणारें गिऱ्हाईक

नवा जांवई प्रथमच घरीं जेवावयास बसतो. आमटी खारट झालेली असते. सासूबाई विचारतात, "कशी झाली आहे आमटी?" जांवई म्हणतो, "फार छान." शहाणी सासू त्या उत्तरावर विसंबत नाहीं. तो उठून गेल्यावर ती ताटाकडे पाहते. भाजी संपलेली, भात संपलेला, आमटीची वाटी मात्र भरलेली असते. जांवयाचें तोंड भिडेनें बोललें. वाटी खरें बोलली.

बाजारांतल्या गिऱ्हाइकाला तर भीडही नसते आणि वेळही नसतो. कलिंगड पांढरें निघालें म्हणून परत येऊन भांडणारा माणूस विरळा. बाकीचे मुकाट्यानें पुढच्या वेळीं शेजारच्या पालावर जातात. भांडणारा आपला उपकारकर्ता समजावा. तो फुकट शिकवितो. जे बोलत नाहींत त्यांची वाटी आपणच पाहिली पाहिजे. ढिगांतला कोणता माल हातांत घेऊन खालीं ठेवला गेला? बाजार उठतांना काय उरलें? मागच्या बाजारीं आलेल्यांपैकीं या बाजारीं कोण आलें नाहीं? स्तुतीपेक्षां या तीन प्रश्नांचीं उत्तरें अधिक विश्वासार्ह असतात.

यासाठीं एक साधी वही घालावी. तिला पांच रकाने पाडावे: तारीख, माल, किती नेला, किती उरला, आणि उरण्याचें कारण. शेवटच्या रकान्यांत "भाव पडला" एवढें लिहून थांबूं नये. शेजाऱ्याचा तोच माल त्याच भावांत संपला असेल, तर कारण दुसरें आहे. सहा महिन्यांची वही समोर ठेवली म्हणजे कोणतें पीक आपण गिऱ्हाइकाकरितां घेतों आणि कोणतें केवळ संवयीनें घेतों, हें निराळें काढतां येतें.

७. सर्व हट्ट पुरवूं नयेत

येथपर्यंत वाचून कोणी असा ग्रह करून घेईल कीं, गिऱ्हाईक म्हणेल तें करावें. तसें नाहीं. खोकला झालेलें मूल बर्फाचा गोळा मागतें, तेव्हां आई तो देत नाहीं; पण नुसती "नाहीं" म्हणूनही थांबत नाहीं. ती कारण सांगते आणि गुळाचा खडा हातावर ठेवते. नकारांतही मुलाची गरज तिच्या डोळ्यांपुढें असते.

सलग पाऊस लागून गेल्यावर तोडलेले टोमॅटो टिकत नाहींत. कोणी चार किलो मागूं लागला, तर "हे पावसांतले आहेत, दोन दिवसांपुरतेच घ्या," असें स्वच्छ सांगावें. त्या दिवशीं दोन किलो कमी जातील. परंतु ज्यानें आपल्याला कमी घ्यावयास सांगितलें, त्याचा शब्द गिऱ्हाईक पुढें वर्षभर मानतें. त्याचप्रमाणें उत्पादनखर्चाच्या खालीं भाव मागणारास नम्रपणें नकार द्यावा, आणि उधारीची मर्यादा आधीं ठरवून ठेवावी. सर्वांचे सर्व हट्ट पुरविणारें घर जसें कर्जांत बुडतें, तसाच तो विक्रेताही बुडतो.

उपसंहार

या सातही नियमांत एक गोष्ट समान आहे. वांगें कोणतें, डाळ शिजते कीं नाहीं, भाकरी कां चिरते, गूळ स्वच्छ आहे काय, ढेप घरांत मावते काय, वाटीत काय उरलें, मुलाला काय द्यावें, या सर्वांचें ज्ञान घरांत ज्यांच्यापाशीं आहे त्या बहुधा स्त्रिया आहेत. आणि कोणतें पीक लावावें, कोणतें बी आणावें, माल कोठें न्यावा, हें ठरविणारी बैठक बहुतेक घरांत ओटीवर पुरुषांची भरते. पिकाचा निर्णय ओटीवर आणि पिकाची परीक्षा चुलीपाशीं, अशी ही वांटणी आहे. दोहोंमधला उंबरठा ओलांडून प्रश्न विचारण्याची चाल पडलेली नाहीं, म्हणून जें ज्ञान घरांत फुकट आहे त्याची किंमत आपण बाजारांत मोजतों.

दोन-चार एकरांच्या शेतकऱ्यास हें परवडण्यासारखें नाहीं. त्याच्यापाशीं भाव पाडण्याचें किंवा चढविण्याचें सामर्थ्य नाहीं, माल वर्षभर धरून ठेवण्याचें भांडवल नाहीं. गिऱ्हाइकास अडत्याइतकेंच, किंबहुना त्याहून अधिक जवळून ओळखणें, हें एकच साधन त्याला बिनव्याजी मिळण्यासारखें आहे.

अभ्यास

(१) पुढच्या हंगामाचें बी घेण्यापूर्वीं घरांतल्या रांधणाऱ्या दोन स्त्रियांस विचारा, गेल्या वर्षींच्या घरच्या धान्यांत त्यांस काय अडचण आली. उत्तर मध्येंच न तोडतां पुरें ऐका व लिहून ठेवा.

(२) शहरांत दिलेली लेक, बहीण किंवा भाऊ यांच्याकडे जाल तेव्हां त्यांच्या घरीं गूळ, कांदा, डाळ व पीठ एका खेपेस किती आणलें जातें, कोठें ठेविलें जातें व किती वांया जातें, हें पाहा.

(३) आठवड्याच्या बाजारीं दहा गिऱ्हाइकांस भाव सांगण्यापूर्वीं "कशाकरितां पाहिजे?" असें विचारा. दहांपैकीं किती वेळां तुम्हीं देऊं केलेला माल बदलावा लागला?

(४) आपल्या मालाची एक खूण घ्या: रंग, आकार, चकाकी किंवा वास. ती खूण गिऱ्हाइकाच्या मनांतल्या कोणत्या वस्तूची आहे, आणि ती वस्तु आपल्या मालांत खरोखर किती आहे, हें चार ओळींत लिहा.

(५) पांच रकान्यांची वही येत्या बाजारापासून सुरू करा. ती लिहिण्याचें काम घरांतल्या शाळेंत जाणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्या, आणि "किती उरलें व कां?" हें त्यांस रोज रात्रीं जेवतांना सर्वांसमक्ष वाचावयास सांगा.